अक्षरांचे बारसे: चिटणीसी वळणापासून ‘७१४’ पर्यंत

स्वारगेटहून सातारा रस्त्याने कात्रजकडे जाताना पुण्याच्या वस्त्यांना नावे कशी पडत गेली, याचा इतिहास सहज वाचता येतो. मागे राहिलेल्या जुन्या शहरात शनिवार, रविवार, सोमवार अशा वारांच्या पेठा आहेत. ही नावे म्हणजे जवळपास अनुक्रमांकच. त्यांच्या शेजारी सदाशिव, नारायण, नाना, रास्ता अशा माणसांच्या नावांच्या पेठा. आणि कात्रजच्या परिसरात पोहोचले की सुखसागरनगर, संतोषनगर, दत्तनगर: येथे नाव म्हणजे घर घेणाऱ्यासाठी आधीच मागून ठेवलेला आशीर्वाद.

मराठी छापील अक्षरांची नावेही याच तीन रीतींनी पडत आली आहेत: आकड्यांनी, माणसांवरून आणि शुभशब्दांनी. त्यांतील आकड्यांच्या रीतीचा सर्वांत ठळक नमुना ज्या कंपनीने घडवला, ती ‘मॉड्युलर इन्फोटेक’ याच सातारा रस्त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक को-ऑपरेटिव्ह इस्टेटमधली. तिच्याकडे पुढे येऊच.

नव्या अक्षरवळणाला चांगले नाव शोधणे हे वरवर पाहता हौसेचे काम वाटते. अक्षरे तयार झाली, आता बारसे करा, इतकेच. पण मराठीच्या बाबतीत या नावांनी फार मोठ्या गोष्टी ठरवल्या. अक्षर घडवणारा कारागीर स्मरणात राहतो की नाही, हवे ते अक्षर शोधणाऱ्याला सापडते की नाही, आणि एका काळात तर लिहिलेला मजकूर पुन्हा वाचता येतो की नाही, हेसुद्धा नावावर अवलंबून होते.

आरंभ छपाईच्या आधीपासून करावा लागतो, कारण तेव्हा मराठी अक्षरांना उत्तम नावे होती. मोडी लिहिणाऱ्यांच्या वळणांना चिटणीसी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी नावे होती. ‘वळण’ हा शब्दही किती नेमका आहे. बोरूने घेतलेले वळण, हाताला लागलेले वळण आणि माणसाला लावलेले वळण, या तिन्ही अर्थांनी तो मराठीत नांदतो. ही नावे कशी घडली हे पाहण्यासारखे आहे. एखाद्या हुद्द्याला, आडनावाला किंवा व्यक्तिनामाला ‘ई’ जोडला की वळणाचे नाव तयार. ज्या रीतीने पुण्याचे पुणेरी आणि कोल्हापूरचे कोल्हापुरी होते, त्याच रीतीने बिवलकरांचे ते बिवलकरी. नावातच हात ओळखीचा झाला. कागदावर तारीख नसेल तर अक्षराच्या वळणावरून त्याचा काळ आणि दफ्तर ताडण्याची विद्या मोडी वाचणाऱ्याला आजही शिकावी लागते. तेव्हा नाव हे कौतुकासाठी नव्हते, ओळख पटवण्यासाठी होते.

छपाई आली आणि ही परंपरा तुटली.

अठराव्या शतकाच्या अखेरीस नाना फडणवीसांनी भगवद्गीता छापण्याच्या हेतूने पुण्यातील तांबट कारागिराकडून नागरी अक्षरे कोरून घेण्याचा उद्योग आरंभला होता. तो पुण्यात तडीस गेला नाही. पुढे मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. त्याच वर्षी बंगालमधील श्रीरामपूरला (अहिल्यानगर जिल्ह्यातले श्रीरामपूर वेगळे) विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. दहा-बारा वर्षांत मुंबईला अमेरिकन मिशनचा छापखाना उभा राहिला. एकोणिसाव्या शतकात मराठी अक्षरांची सगळी शरीररचना शिशाच्या खिळ्यांत नव्याने घडली. त्या घडणीला मात्र नाव मिळाले नाही. मिळाले ते माप.

खिळे जुळवणाऱ्याला टाइप ओळखायचा तो त्याच्या उंचीवरून. ग्रेट प्रायमर म्हणजे साधारण अठरा पॉइंट, इंग्लिश म्हणजे चौदा, पायका म्हणजे बारा, लाँग प्रायमर म्हणजे दहा. विलायतेतील छापखान्यांतून ही नावे जशीच्या तशी आली आणि मराठी कंपोझिटरच्या तोंडी रुळली. जाडीसाठी त्याने आपले दोन साधे शब्द वापरले: काळा आणि पांढरा. ‘पायका काळा’ म्हटले की मथळ्याचे काम झाले. छापखान्यात ही भाषा चोख चालत असे. एकाच फाउंड्रीचा माल केसेसमध्ये भरलेला असेल तर कोणाचे अक्षर हा प्रश्न उद्भवतच नाही. केवढे अक्षर हाच प्रश्न असतो. पेठेला ‘शनिवार’ म्हणून काम भागते, तसेच हे.

या काळातील सर्वांत सुंदर मराठी टाइप मात्र निव्वळ मापावर राहिला नाही. जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ चा. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामाला लागले आणि तेथील टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली ओतकामातले बारकावे शिकले. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. संस्कृत ग्रंथांच्या काटेकोर छपाईसाठी या छापखान्याने असा लौकिक मिळवला की ग्रंथाच्या शीर्षकपानावर ‘निर्णयसागर’ दिसले की पाठ विश्वसनीय, असे पंडित मानू लागले. साहजिकच त्या अक्षरांनाही ‘निर्णयसागर टाइप’ म्हटले गेले.

नाव म्हणून ‘निर्णयसागर’ उत्तमच. ‘निर्णय’ हा शब्द पंचांगाच्या आणि धर्मशास्त्राच्या जगातला. गंभीर, पोथीला शोभणारा. पण हे नाव अक्षराचे नाही, दुकानाचे आहे. हे अक्षर ज्या पोलादी ठशांतून जन्मले ते कोरणारा हात जावजींचा नव्हता. तो त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांचा. चिटणीसी वळणाला चिटणिसाचे नाव मिळाले, बिवलकरीला बिवलकरांचे. आरूंच्या वळणाला ‘आरवी’ किंवा ‘राणोजी’ असे कोणी म्हटले नाही. ठसे कोरण्याचे काम ओतशाळेच्या मागच्या खोलीतले, नाव दारावरच्या पाटीचे. आणि मराठी मुद्रणाचा इतिहास पाटीकडे पाहून लिहिला गेला.

छापखान्यांमध्ये आणखी दोन जोड्या चालत. एक शहरांची: मुंबई टाइप आणि कलकत्ता टाइप. अ, झ, ण यांसारख्या अक्षरांची रूपे दोन्हीकडे वेगळी होती, आणि अखेरीस मुंबईची रूपे हिंदीनेही प्रमाण म्हणून स्वीकारली. दुसरी जोडी रचनेची: अखंड आणि डिग्री. मात्रा, वेलांटी अक्षरासह एकाच खिळ्यात ओतलेली असेल तर तो अखंड टाइप. ती स्वतंत्र ओतून अक्षराला बिलगवायची असेल तर डिग्री. ‘अखंड’ हा शब्द कंपोझिटरच्या तोंडचा, घामाचा शब्द होता. आज इंडियन टाइप फाउंड्रीच्या एका डौलदार देवनागरी टंकाचे नाव ‘अखंड’ आहे. तो टंक वापरणाऱ्या किती जणांना शिशाच्या केसेसची ती दुनिया आठवत असेल, सांगता येत नाही. पण शब्द टिकला.

माणसाचे नाव छापील मराठी अक्षराला ठळकपणे मिळाले ते लोकमान्य टिळकांचे. यामागे सौंदर्यदृष्टी नव्हती, काटकसर होती. जोडाक्षरे, उकार, रफार यांमुळे देवनागरीच्या खिळ्यांची संख्या कित्येक शेकड्यांवर जाई, आणि तेवढ्या घरांतून हात फिरवत ‘केसरी’सारखे पत्र वेळेवर काढणे जिकिरीचे होते. शिवाय यांत्रिक जुळणीची विलायती यंत्रे एवढी चिन्हे सामावून घेऊ शकत नसत. टिळकांनी १९०४ पासून या प्रश्नात लक्ष घातले. छाटणी होत होत १९० खिळ्यांचा जो संच सिद्ध झाला, तो ‘टिळक टाइप’ म्हणून ओळखला जातो. तो पूर्ण होईपर्यंत टिळक हयात नव्हते.

या नावाबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येते. ‘टिळक टाइप’ म्हटल्याबरोबर पुणे, केसरी आणि त्यामागचा हेतू डोळ्यांसमोर येतो. इतके काम फार थोडी नावे करतात. पण संपादकाच्या या नावाआड खिळे प्रत्यक्ष ओतणारे पुन्हा एकदा झाकले गेले. सदाशिव पेठ वसवताना दगड वाहणाऱ्यांचे जे झाले, तेच.

युरोपातही हा गुंता होता, मात्र तेथे तो वेगळ्या रीतीने सुटला. गारामों, बास्करव्हिल, बोदोनी ही अक्षरे घडवणाऱ्यांची नावे, आणि त्यांची वळणे आजही त्याच नावांनी विकली जातात. टाइम्स न्यू रोमन हे नाव वृत्तपत्रावरून आले. लंडनच्या ‘टाइम्स’ने १९३२ मध्ये ते अक्षर वापरात आणले. नावाच्या निवडीची सर्वांत बोधक कथा मात्र हेल्व्हेटिकाची आहे. स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीने १९५७ मध्ये एक साधे, निर्विकार अक्षर काढले. त्याचे नाव होते नॉये हास ग्रोटेस्क. जगभर विकायला हे नाव जड होते. जर्मन भागीदारांनी सुचवले ‘हेल्वेशिया’, म्हणजे स्वित्झर्लंडचे लॅटिन नाव. हास फाउंड्रीच्या एडुआर्ड हॉफमान यांना ते पटेना. देशाचे नाव अक्षराला कसे द्यायचे, आणि त्या नावाची शिलाई यंत्रे व विमा कंपनी आधीच बाजारात होती. मग नामाचे विशेषण झाले: हेल्व्हेटिका, म्हणजे ‘स्विस’. १९६० मध्ये हे नाव रूढ झाले. गंमत अशी की ‘बिवलकरी’ हेही असेच नामाचे विशेषण केलेले नाव आहे. आमच्या कारकुनांनी ही युक्ती बरीच आधी साधली होती.

त्याच १९५७ मध्ये आद्रियां फ्रुटिगर यांचे युनिव्हर हे अक्षर आले. त्याच्या एकवीस प्रकारांना त्यांनी शब्दांऐवजी आकडे दिले. ५५ म्हणजे नेहमीचे, ६५ म्हणजे त्याहून जाड, ५६ म्हणजे तेच पण तिरके. पहिला अंक जाडी सांगतो, दुसरा रुंदी आणि कल. हा आकडा म्हणजे पत्ताच आहे; वाचणाऱ्याला कळतो.

पुण्यातील आकडे असे नव्हते.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत मराठी अक्षर संगणकावर आले, आणि त्या स्थित्यंतराचा मोठा वाटा पुण्यात घडला. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी टंक आणि ते वापरण्याची साधने पुरवली. ‘डीव्ही-टीटी योगेश’, ‘डीव्ही-टीटी सुरेख’ ही नावे त्या पिढीच्या टंकलेखकांना तोंडपाठ असत. पुढची अक्षरे म्हणजे गणवेशावरचा बिल्ला: डीव्ही म्हणजे देवनागरी, टीटी म्हणजे ट्रूटाइप. मागे एक घरगुती, मायेचे नाव. सरकारी दाखल्यावर ‘चि. योगेश’ लिहिल्यासारखे ते वाटते.

मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ ही प्रणाली मात्र खासगी छापखान्यांत, वृत्तपत्रांत आणि डीटीपीच्या दुकानांत पसरली. तिच्यातील टंकांना आकडे होते. लग्नपत्रिका जुळवणारा, फ्लेक्स करणारा, दिवाळी अंकाची पाने लावणारा, प्रत्येकाचे आवडते आकडे ठरलेले असत. ७१४ या आकड्यातून अक्षराची जाडी कळत नाही, कल कळत नाही, घडवणाराही कळत नाही. तरीही ज्याने तो वापरला आहे त्याला तो आकडा उच्चारताच वळण दिसते. बसचा नंबर ऐकून जसा रस्ता दिसावा. आज मॅक संगणकांसोबत मिळणाऱ्या टंकांत ‘श्री देवनागरी ७१४’ आहे. सातारा रस्त्यावरचा हा आकडा अशा रीतीने जगभर पोहोचला.

याच काळात ‘शिवाजी ०१’, ‘शिवाजी ०५’ असे टंकही घरोघरी पोहोचले. महापुरुष आणि अनुक्रमांक एकाच नावात. छत्रपतींच्या काळातील नित्याच्या कारभाराचे अक्षर मोडी होते, या टंकातील अक्षरांचा त्याच्याशी संबंध नाही. नाव आदरापोटी दिले गेले असणार. पण नावाने काही सांगावे अशी अपेक्षा असेल, तर ‘०५’ पेक्षा ‘शिवाजी’ अधिक काही सांगत नाही.

आता त्या गोष्टीकडे वळू, जिच्यामुळे हा विषय केवळ रसिकतेचा राहत नाही. युनिकोडच्या आधीच्या या टंकांमध्ये प्रत्येक कंपनीची संकेतव्यवस्था स्वतःची होती. संगणकाच्या दृष्टीने फाइलीत मराठी अक्षरे नव्हतीच. होती ती रोमन अक्षरांसाठी राखलेली चिन्हे, आणि त्यांच्यावर चढवलेला मराठी मुखवटा. तो मुखवटा कोणता, हे सांगणारी फाइलीतील एकमेव खूण म्हणजे टंकाचे नाव. ते नाव असलेला टंक संगणकावर नसेल तर कादंबरीचे प्रकरण, संस्थेचे इतिवृत्त, शोधनिबंध, सारे काही रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांचा उकिरडा होऊन समोर येई. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेणाऱ्या प्रत्येक साधनाचा पहिला प्रश्न आजही तोच असतो: मूळ टंक कोणता? उत्तर ठाऊक असेल तर मजकूर वाचतो. पूर्वी वळणावरून कागदाचे दफ्तर ओळखत. येथे दफ्तराचे नाव विसरले तर कागदच कोरा होतो. त्या काळात साठवलेल्या मराठी फाइलींच्या दृष्टीने ‘नावात काय आहे’ या प्रश्नाचे उत्तर ‘सगळे काही’ असे होते.

युनिकोडने १९९१ मध्येच देवनागरीला स्वतःचे संकेत दिले होते, पण ते सामान्य वापरात यायला वेळ लागला. विंडोज २००० सोबत देवनागरीसाठी ‘मंगल’ हा टंक आला. तो घडवला र. कृ. जोशी यांनी: कवी, सुलेखनकार, जाहिरातक्षेत्रातील अनुभवी कलाकार, मुंबईच्या आयआयटीत अक्षररचना शिकवणारे शिक्षक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली इतर भारतीय लिप्यांचे टंकही घडले, आणि त्यांतील काहींची नावे ओळीने वाचली तर एक नकाशा उलगडतो. गुरमुखीचा रावी, कन्नडचा तुंगा, तेलुगूचा गौतमी: या नद्या. ओडियाचा कलिंग हा प्रदेश. या लिप्यांना त्यांच्या भूमीची खूण. देवनागरीला मात्र असा एक प्रदेश नाही. मराठी, हिंदी, नेपाळी, कोकणी, संस्कृत, कितीतरी भाषा तिच्यावर हक्क सांगतात. कृष्णा म्हटले तर गंगेवाले रुसतील. ‘मंगल’ हे नाव कोणत्याच नदीचे नाही, आणि या सगळ्या भाषांत ते सारख्याच अर्थाने समजते. रोमनमध्ये लिहायलाही सोपे, सहा अक्षरांचे. निवडीच्या कसोट्यांवर ते जवळपास निर्दोष म्हणावे असे.

त्याचा परिणाम मात्र विचित्र झाला. कार्यालयांत ‘मंगल’ हे टंकाचे नाव न राहता युनिकोडचेच दुसरे नाव होऊन बसले. ‘मजकूर मंगलमध्ये पाठवा’ म्हणजे युनिकोडमध्ये पाठवा. एवढे यश मिळालेल्या नावामागे जोशींचे नाव किती जणांना ठाऊक असते? जोशींनीच घडवलेला, सर्वांसाठी खुला असलेला आणखी एक टंक आहे, त्याचे नाव ‘रघू’. रघुनाथ कृष्ण जोशी यांच्या नावातील पहिली दोन अक्षरे त्यात आली, म्हणजे चिटणीसीची जुनी रीत क्षणभर परत आली. लोकांच्या तोंडी बसले ते मात्र ‘मंगल’च. संतोषनगराच्या पुढे सदाशिव पेठ हरली.

यानंतर शुभशब्दांची रांगच लागली. २००९ च्या विंडोज ७ मध्ये मॉड्युलर इन्फोटेकचे तीन देवनागरी टंक आले: कोकिळा, उत्साह आणि अपराजिता. आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या घराण्याने या लेकरांना अशी काव्यमय नावे दिली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आकडा दुकानात चालतो. जगाच्या बाजारात नाव लागते. पुढे विंडोजने सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच टंक आणला, त्याचे नाव ‘निर्मला’. कोकिळा आवाजाने ओळखू येते, पण उत्साह आणि निर्मला यांची वळणे नावावरून कोणी ओळखून दाखवावीत. आशीर्वादाच्या नावांची ही अडचणच आहे. ती सगळ्यांना लागू पडतात, म्हणून कोणालाच नेमकी लागू पडत नाहीत.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी नावे अक्षरांकडे पाहून ठेवली. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचे ‘मोदक’ हे अक्षर इतके भरलेले आहे की आतली पोकळी नुसत्या चिरेएवढी उरते. सारण गच्च भरलेल्या, वरून चुण्या पडलेल्या मोदकाचे चित्र डोळ्यांपुढे आणले की दुसरे नाव सुचतच नाही. ‘जैनी’ हे वळण इ. स. १५०३ च्या कल्पसूत्राच्या जैन हस्तलिखितावरून घेतले आहे. नाव उगम सांगते, आणि व्याकरणाने पाहिले तर ते थेट ‘बिवलकरी’च्या रांगेत बसते.

‘बालू’ची कथा सर्वांत गोड. हा गुबगुबीत, अस्वलाच्या पावलांचा टंक वेगवेगळ्या लिप्यांत करायचा होता. प्रत्येक लिपीच्या टंकाला वेगळे नाव हवे, आणि भावंडेही दिसायला हवीत. तेव्हा अस्वलाला त्या त्या भाषेत भाऊ म्हणून हाक मारली गेली: गुजरातीत बालू भाई, पंजाबीत बालू पाजी, बंगालीत बालू दा, मल्याळममध्ये बालू चेट्टन, तमिळमध्ये बालू तंबी, उर्दूत बालू भाईजान. देवनागरीतला नुसताच बालू. मराठी कानाला तो शेजारचा बाळूच वाटतो. लिपीचे नाव न घेता लिपी सांगणारी यापेक्षा चांगली युक्ती भारतीय टंकांत क्वचितच आढळेल. डीव्ही-टीटीच्या बिल्ल्याशी तुलना केली की वीस-पंचवीस वर्षांतले अंतर कळते.

याच मंडळींचा ‘मुक्ता’. मुक्त म्हणजे मोकळा, आणि हा टंक खुल्या परवान्याचा. मुक्ता म्हणजे मोती; मराठीत चांगल्या अक्षराला मोत्यासारखे अक्षर म्हणतात. आणि मुक्ताई तर आहेच. एका शब्दात इतके अर्थ मराठीतच सापडायचे. शिवाय हे नाव त्या टंकातच लिहिले तर एक उकार, एक जोडाक्षर आणि एक काना, म्हणजे अक्षराची अर्धी परीक्षा तेवढ्यातच होते.

ही शेवटची कसोटी देवनागरीसाठी विशेष महत्त्वाची आहे. नाव ही टंकाची पहिली पाटी असते. मराठीची खूण ‘ल’ आणि ‘श’ या दोन अक्षरांत आहे. मराठीत ल पाकळीयुक्त लिहितात आणि श देठयुक्त. हिंदीच्या छपाईत त्यांची रूपे वेगळी. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी रूपे अधिकृतपणे ठरवून दिली. म्हणून ज्या नावात ल किंवा श आहे, ते नाव पाहताक्षणीच टंकाची घरची बोली सांगून टाकते. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ या दृष्टीने पाहावा. श आहे, मात्रा आहे, उकार आहे, ‘द्र’सारखे जोडाक्षर आहे आणि काना आहे. अर्थही मुद्रणाशी सख्खा. ‘मंगल’मध्ये ल आहे, आणि मराठी वाचकाच्या डोळ्याला तो टंक परका वाटण्याचे एक कारण नेमके त्याच्या नावाच्या शेवटच्या अक्षरात दिसत असे.

खुल्या टंकांच्या जगात नावाला आणखी एक वजन आले आहे. सिल ओपन फॉन्ट लायसन्स हा परवाना अक्षरे कोणालाही घेऊ देतो, बदलू देतो, वाटू देतो. पण मूळ रचनाकाराने नाव राखून ठेवले असेल, तर बदललेल्या टंकाला ते नाव लावता येत नाही. सारे काही मुक्त, फक्त नाव राखीव. याच्या उलट बाजूला अमेरिकेत अक्षराच्या आकाराला स्वामित्वहक्क मिळत नाही, मात्र नाव व्यापारचिन्ह म्हणून राखता येते. त्यामुळेच बिटस्ट्रीम कंपनीला हेल्व्हेटिकाचा आपला अवतार ‘स्विस ७२१’ म्हणून विकावा लागला. हॉफमान यांनी टाळलेला देश आणि सातशेच्या घरातला आकडा, दोन्ही एकाच नावात.

प्रत्येक टंकाच्या फाइलीत नावांचा एक तक्ता असतो. त्यात घराण्याचे नाव मराठीत, देवनागरीत लिहिण्याची सोय आहे. परंतु सहाव्या क्रमांकाचा जो रकाना यंत्रे वाचतात, त्यात रोमन अक्षरे, अंक आणि काही मोजकी चिन्हेच चालतात. मोकळी जागासुद्धा चालत नाही. मोदक असो की यशोमुद्रा, रोमनमध्ये बारसे झाल्याखेरीज देवनागरी टंक संगणकात पाऊल ठेवू शकत नाही. ‘उत्साह’मधला दीर्घ आ दाखवण्यासाठी रोमनमधला ‘ए’ दोनदा लिहावा लागला तो यामुळेच.

त्याच तक्त्यात क्रमांक ९ चा रकाना रचनाकाराच्या नावासाठी आहे. टंकाचे गुणधर्म उघडले की तो दिसतो. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या पोलादी ठशांना असा रकाना नव्हता.